हातात नव्हतं, मनगटावर होतं

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. ताई गोवा एक्स्प्रेसने पुण्याला परत निघाली होती. तिकीट पक्कं होतं, पण बर्थ वरचा आला होता आणि ताईचे गुडघे आता वर चढायला तयार नसतात. धुक्यामुळे गाडी लांबली. शेवटी सामान चढवून दिलं, आणि स्कूटर भलत्याच जागी लावली होती म्हणून लगोलग बाहेर पडलो. "कुणी बदलून देतंय का बघते, मिळाला तर कळवते," ताई खिडकीतून म्हणाली.

ग्वाल्हेर स्टेशनाकडून लष्करला जायचं तर वाटेत पडाव लागतो. पुढे फूलबाग, शिंदे की छावनी, मग आमचं घर. पडाव, छावनी, लष्कर: सगळी नावं तळ ठोकून थांबणाऱ्यांची. दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर आमचेही कुणी पूर्वज इथे येऊन थांबले असं घरात सांगतात. आता त्या रस्त्यावर थांबायला कुणालाच वेळ नसतो. मलाही नव्हता.

पडावच्या चौकाच्या जरा अलीकडे मनगटावर घड्याळ थरथरलं. मुलीने साठीला दिलेलं, पावलं मोजणारं, नाडी सांगणारं, फोनवर आलेला निरोप काचेवर दाखवणारं. फोन कोटाच्या आतल्या खिशात होता. मी तो काढला नाही. एवढं शहाणपण माझ्यात होतं, त्याचं कारण पुढे सांगतो. फक्त डावं मनगट वळवलं आणि खाली पाहिलं. मराठीत लिहिलेला निरोप, चष्म्याची काच धुक्याने ओलसर, म्हणून पुन्हा एकदा पाहिलं. वर पाहिलं तेव्हा समोरची ई-रिक्षा सवारी उतरवायला थांबली होती.

स्कूटरचा वेग फार तर तीस. नंतर हिशोब केला. ताशी तीस म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. दोन सेकंद खाली पाहिलं म्हणजे सोळा-सतरा मीटर मी डोळे मिटून गेलो. रिक्षातून एक आजी उतरत होत्या, हातात गाजराची पिशवी. माझं पुढचं चाक रिक्षाच्या मागच्या कोपऱ्याला लागलं, रिक्षा सरकली आणि आजींचा पाय तिच्याखाली आला. घोट्याचं हाड मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही.

गर्दी जमली. हवालदार आले. त्यांचा पहिला प्रश्न: "बाऊजी, फोन पे थे क्या?" मी ताठ मानेने म्हणालो, "फोन जेब में है, देख लीजिए." खोटं नव्हतं. मग ते म्हणाले, "कागज दिखाइए." कागद फोनमध्ये. लायसन्स, नोंदणी, विमा हे सगळं फोनवर दाखवलेलं चालतं, तसा बदल केंद्रीय नियमांत २०१८ सालीच झाला आहे. फोन बाहेर काढला तर पडद्यावर ताईचा निरोप, आणि शेजारी मनगटावरही तोच. हवालदारांनी दोन्हींकडे पाहिलं आणि काही न बोलता वहीत लिहू लागले.

माझा पुतण्या इथल्या खंडपीठात वकिली करतो. रात्री त्याच्यासमोर मी माझी बाजू मांडली. ती मला फार पटलेली होती: कायदा म्हणतो, हातात धरलेलं संपर्कसाधन वापरू नका, माझ्या हातात हँडल होतं, घड्याळ मनगटावर बांधलेलं असतं, ते काही कुणी हातात धरत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, हा मुद्दा कोर्टात मांडायला मला आवडेल. पण तुम्ही कलम शेवटपर्यंत वाचलंय का?"

नव्हतं वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून या कलमाखाली एक स्पष्टीकरण आलं: सिग्नल तोडणं, थांबा-खूण न पाळणं, हातातलं संपर्कसाधन वापरणं, नियमाविरुद्ध पुढे घुसणं, उलट्या दिशेने जाणं, हे सगळं धोकादायकच धरायचं. यादीच्या शेवटी एक पोतडी आहे. सावध, जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाईल, आणि धोका आहे हे अशा चालकाला उघड दिसेल, असं कोणतंही चालवणं. घड्याळ, कानातली बोंडं, गाडीच्या डॅशबोर्डवरचा मोठा पडदा, सगळं त्या पोतडीत बसू शकतं. साधनाचं नाव कायद्यात शोधून सुटका होत नाही.

शिक्षा? पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. इथे मला माझं जुनं चलन आठवलं आणि घसा कोरडा पडला.

आदल्या वर्षी चौकातल्या कॅमेऱ्याने मला टिपलं होतं. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खुपसून मी बोलत होतो. बायकोला कोथिंबीर हवी होती की पुदिना, याचा उलगडा चालला होता. फोटोसकट चलन आलं, मी फोनवरूनच पैसे भरले आणि फोटो घरच्यांना हसून दाखवला. फोन खिशात ठेवण्याचं शहाणपण आलं ते त्या चलनातून. पण पैसे भरले की प्रकरण मिटलं, ही समजूत मात्र चुकीची होती, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक सगळ्यांची तीच समजूत आहे.

जागेवर किंवा घरबसल्या आपण भरतो ती तडजोडीची रक्कम असते, कलम २०० खाली. ती प्रत्येक राज्य ठरवतं, म्हणून पुण्यातला आकडा ग्वाल्हेरला लागू होईलच असं नाही. कलम १८४ पैकी हातातल्या साधनाच्या वापरापुरतीच ही तडजोड करता येते. आणि २०१९ पासून कलम २०० मध्येच लिहिलं आहे की तडजोड झाली तरी तो गुन्हा 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून मोजला जाईल. कोथिंबिरीचं चलन माझ्या नावावर जिवंत होतं. लायसन्सचंही तसंच. पोलीस ते जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात, आणि तो तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवू शकतो, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच. चलन भरल्याची पावती दाखवून यातून सुटता येत नाही.

आजींचं हाड मोडलं होतं, म्हणून वर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आलं. निष्काळजीपणाने कुणाला गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. कुणी दगावलं तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. पुतण्या हे सगळं चहा पीत सांगत होता. माझा चहा तसाच राहिला.

कायदा नेहमी इतका कडक नव्हता. २०१८ साली केरळ उच्च न्यायालयाने तिथल्या पोलीस कायद्याचा अर्थ लावताना म्हटलं होतं की नुसतं फोनवर बोलत गाडी चालवणं गुन्हा ठरत नाही, लोकांच्या सुरक्षेला धोका पोचला पाहिजे. पुढच्याच वर्षी संसदेने ती फट बुजवली. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ साली गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेले १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू आहेत. हे नोंदलेले. माझ्यासारखा ताठ मानेने "फोन जेब में है" म्हणणारा कोणत्या रकान्यात जातो, कोण जाणे. ब्रिटनने तर मार्च २०२२ पासून सिग्नलला थांबलेलं असताना हातातल्या फोनवर गाणं बदलण्यालाही बंदी केली आहे.

नकाशाचं विचाराल तर ती मुभा आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २०२० पासून हातातलं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे पत्ता निघण्यापूर्वी घाला, फोन पकडीत अडकवा, आवाज चालू ठेवा. वाट चुकली तर चुकू द्या, बाजूला घेऊन पुन्हा बघा. घरपोच जेवण आणणाऱ्या पोरांना हे सांगताना मात्र मला संकोच वाटतो. त्यांच्या फोनवर दर दोन मिनिटांनी काही ना काही दाबावं लागतं आणि उशीर झाला तर भुर्दंड त्यांनाच. निदान आपण त्यांना "कुठवर आलात?" म्हणून फोन करू नये.

मी स्वतः काय बदललं ते सांगतो. घड्याळावर येणारे निरोप बंद केले. पावलं मोजतं, तेवढं पुरे. फोनमध्ये गाडी चालवताना निरोप अडवून धरायची सोय असते, ती मुलीने लावून दिली. कानातली बोंडं हेल्मेटखाली घालत नाही, मागचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. आणि आपलं माणूस गाडीवर आहे हे माहीत असताना घरच्यांनी फोन करायचा नाही, हा नियम बायकोने केला. कोथिंबीर-पुदिन्याचं निघण्याआधी ठरतं.

आणि चूक झालीच तर पळू नका. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे, कलम १३४ प्रमाणे. पोलीस तिथे नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, स्वतः जाऊन सांगायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. त्या रात्री रिक्षावाल्याच्या मदतीने आजींना रुग्णालयात नेलं आणि क्ष-किरण होईपर्यंत बाकावर बसून राहिलो, ही माझ्या हातून झालेली एकच धड गोष्ट. तिने गुन्हा पुसला जात नाही. खटला चालू आहे.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात गजक घेऊन आजींकडे गेलो. पडावच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. सून तोंड फिरवून बसली होती, तेही योग्यच. आजींनी पाय पाटावर टेकवला होता. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घड़ी में लिखा क्या था?"

मी सांगितलं. बहीण गाडीत होती, गुडघे दुखतात, वरचा बर्थ मिळाला होता, तो कुणी बदलून दिल्याचं तिने कळवलं होतं.

"नीचे वाली मिल गई?"

"हाँ."

"चलो," आजी म्हणाल्या, आणि गजकाचा पुडा सुनेकडे सरकवला.