रिपोर्ट दोघांचा, काळजी साऱ्या घराची



गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांतल्या आपल्या बस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. कोणाच्या घरी हातपाय दुखून रात्रभर रडणारे लेकरू असते, कोणाला वरचेवर रक्त चढवावे लागते. पण लग्न जुळवताना हाच शब्द दडवला जातो. रिपोर्ट पेटीत राहतो आणि लग्न उरकते. पुढे आजारी बाळ जन्मले की दोष सुनेवर येतो. मूल झालेच नाही तरी दोष तिचाच. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही लग्न, गरोदरपण आणि मूल यांच्या संदर्भात सिकलसेलचा विचार करणार आहोत.

रक्तात नेमके काय होते?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. शरीरात पाणी कमी झाले, थंडी वाजली, ताप आला किंवा फार श्रम झाले की या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य दुखते. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते.

हिमोग्लोबिनचा एक गुण आईकडून येतो, एक बापाकडून. दोन्ही चांगले आले तर रिपोर्टवर ‘एए’ लिहितात. एक चांगला आणि एक सिकलचा आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही गुण सिकलचे आले तर ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त. याचा अर्थ असा की एसएस बाळ जन्माला यायला आई आणि बाप दोघांकडून सिकलचा गुण यावाच लागतो. एकट्या आईला दोष देणे हे शास्त्राच्या दृष्टीनेही खोटे आहे.

हा मागल्या जन्माचा भोग नाही

नागपुरात डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचे निरीक्षण १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. विदर्भात हा गुण महार, कुणबी, तेली, गोंड, परधान अशा अनेक समाजांत आढळतो. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आढळतो. कारण साधे आहे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे वाहक माणसे जीवघेण्या हिवतापातून जास्त वाचली आणि त्यांचा गुण पुढच्या पिढ्यांत टिकला. आपल्या जंगलपट्टीला हिवताप नवा नाही. तेव्हा हा आजार रक्ताच्या ‘अशुद्धतेचा’ नाही आणि जातीचा तर नाहीच.

आजारपण म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारली आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही तथागतांची रीत आहे. आजाराकडेही तसेच पाहावे. अंगारा आणि नवस यांत दिवस घालवण्याआधी कारण शोधावे.

लग्नाआधी काय पाहायचे?

कोणाचा कोणाशी संबंध जुळतो, त्यावर पुढचे गणित ठरते.

वाहक आणि निरोगी (एएस व एए): एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी.

वाहक आणि वाहक (एएस व एएस): प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता ग्रस्त मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक निरोगी मुलाची.

ग्रस्त आणि निरोगी (एसएस व एए): सर्व मुले वाहक, ग्रस्त एकही नाही.

ग्रस्त आणि वाहक (एसएस व एएस): प्रत्येक मूल ग्रस्त असण्याची शक्यता निम्मी.

ग्रस्त आणि ग्रस्त (एसएस व एसएस): सर्व मुले ग्रस्त.

‘चारात एक’ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन चांगलीच होतील, असे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडण्याचे कारण नाही. फक्त जोडीदाराचा रिपोर्ट पाहावा. सिकलसेलचा रिपोर्ट दाखवणाऱ्या मुलीलाच नाकारायचे आणि मुलाची तपासणीच करायची नाही, ही रीत म्हणजे नवी अस्पृश्यता झाली. तपासणी आधी मुलाची व्हावी, असे आम्ही मुद्दाम सांगतो.

तपासणी दोन टप्प्यांची असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. तिच्यावरून रक्तात सिकल आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. दुसरा रिपोर्ट हाती आल्याशिवाय कोणतीही गाठ बांधू नये, तोडूही नये. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. आशाताईंना विचारा.

जातीबाहेरच्या लग्नाने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता कमी होऊ शकते. आंतरजातीय विवाहाचा बाबासाहेबांचा आग्रह असाही उपयोगी पडतो. पण शेजारच्या समाजांतही सिकलसेल आहे, म्हणून तपासणी तिथेही हवीच.

लग्न झाले आहे आणि दोघेही वाहक आहेत

अशा जोडप्यांनी घाबरू नये आणि वेळही घालवू नये. पाळी चुकल्याबरोबर नोंदणी करावी, बारा आठवड्यांची वाट पाहू नये. गर्भाला सिकलसेल आहे का, हे पोटात असतानाच तपासता येते. साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेतात, १५ आठवड्यांनंतर गर्भजलाचा. ही सोय मोठ्या, नोंदणीकृत केंद्रांतच असते, म्हणून चिठ्ठी, प्रवास आणि तारीख यांची जुळवाजुळव लवकर करावी लागते. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग तपासणे गुन्हा आहे. आनुवंशिक आजार तपासणे हा गुन्हा नाही.

रिपोर्टमध्ये गर्भ सिकलसेलग्रस्त निघाला तर पुढे काय, हा निर्णय त्या बाईचा आहे. कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. ज्यांना ते मूल हवे आहे त्यांनाही कोणी टोचून बोलू नये. जन्मतःच तपासणी, लसी, पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया यांच्या आधाराने सिकलसेलची मुले शिकतात, मोठी होतात. सासू, दीर, नणंद यांनी मत द्यावे, हुकूम देऊ नये.

बाई स्वतः सिकलसेलग्रस्त असेल तर

एसएस असलेली बाई आई होऊ शकते. पण हे गरोदरपण जोखमीचे असते. दुखण्याचे झटके वाढतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, रक्तदाब वाढू शकतो, बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकते. म्हणून:

१. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मूल हवे असे ठरवताच डॉक्टरांना सांगा. ही गोळी साधारणतः दिवस राहण्याच्या तीन महिने आधी थांबवतात. आपल्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. नवरा हे औषध घेत असेल तर त्यानेही विचारावे.

२. फॉलिक ॲसिडची गोळी रोज लागते, तीही जास्त मात्रेची. लोहाची गोळी मात्र तपासणीनंतर. एसएस बाईचे रक्त पेशी फुटल्याने कमी होते, नेहमी लोह कमी असल्याने नाही. वाहक बाईला लोहाच्या गोळ्या इतरांसारख्याच चालतात.

३. भरपूर पाणी, मच्छरदाणी, उबदार कपडे. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या थंड चिखलात दिवसभर वाकून काम आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलात भटकणे, ही दोन्ही कामे अशा बाईला झटका आणणारी आहेत. त्या वर्षीची तिची मजुरी घराने सोडावी.

४. बाळंतपण घरी नाही, जवळच्या छोट्या दवाखान्यातही नाही. जिथे रक्तपेढी आणि नवजात बाळाचा विभाग आहे अशा ठिकाणी आधीपासून नाव घालावे. आपल्या जिल्ह्यात गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय हे बाळंतपणाचे मोठे सरकारी ठिकाण आहे. रक्तदात्यांची यादी वस्तीने तयार ठेवावी.

५. छातीत दुखणे, धाप लागणे, ताप, न थांबणारे दुखणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे: यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा.

बाळ जन्मल्यावर त्याचीही तपासणी करून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधी सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, म्हणून एचपीएलसीच मागा.

मूल होत नसेल तर

एक वर्ष एकत्र राहून दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करावी. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी हा प्रश्न येतो. कारण पुरुषात असू शकते, बाईत असू शकते, दोघांतही असू शकते. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हेही एक कारण सापडते. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे. ती झाल्याशिवाय बाईला शस्त्रक्रियेला नेऊ नये. टेस्ट ट्यूब बेबीसाठी २०२१ च्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रच चालते. शेत गहाण ठेवायला लावणाऱ्या दलालापासून सावध राहा.

मूल दत्तक घेणे हाही घर पूर्ण करण्याचा सन्मानाचा मार्ग आहे. कायदेशीर दत्तकविधान केंद्र सरकारच्या ‘कारा’ या संस्थेच्या नोंदणीतून होते. एकटी स्त्रीही मूल दत्तक घेऊ शकते. दवाखान्यातून हातोहात बाळ आणणे हा गुन्हा आहे. आणि ज्या जोडप्याला मूल नकोच आहे, त्यांनाही तो अधिकार आहे. संततिनियमनाचा ठराव १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. त्यामागे बाबासाहेब होते. किती मुले आणि केव्हा, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच गरीब बाईच्या जिवाचा प्रश्न मानला होता.

हे हक्काचे आहे, उपकाराचे नाही

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली. पुढच्या वर्षी कायदा झाला. आज जे मिळते ते त्याच वाटेवरचे आहे:

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत. वाहनासाठी १०२. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी.

जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या मातेला दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये.

दवाखान्याच्या नोंदीत धर्म ‘बौद्ध’ लिहिला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने तो बौद्धांना मिळालेला आहे. जातीचा दाखला जवळ ठेवा आणि धर्म अभिमानाने लिहा.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेल हा दिव्यांगत्वात मोडतो; प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. विधवा, नवऱ्याने सोडलेली किंवा अविवाहित बाई असली तरी मोफत बाळंतपणाचा हक्क तिलाही तेवढाच आहे.

विहारातून सुरुवात

नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. घरातले दुःख घरातच ठेवण्याऐवजी त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली आणि रुग्णांसाठी आयुष्यभर झटले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या प्रत्येक वस्तीत एवढे मोठे काम होईलच असे नाही, पण एवढे नक्की होईल: वर्षावासात ग्रंथवाचनाला सगळे विहारात जमतात, त्यातला एक दिवस आरोग्य केंद्राला सांगून तपासणीचा ठेवावा. वधू-वर परिचय मेळाव्यात मुलाच्या आणि मुलीच्या दोघांच्याही माहितीपत्रात रक्ताचा रिपोर्ट मागावा, तोही बंद पाकिटात, फक्त दोन घरांपुरता. महिला मंडळाने गरोदर बायांची यादी ठेवावी आणि प्रत्येकीसोबत तपासणीला जाणारा एक माणूस ठरवावा. तो माणूस शक्यतो नवराच असावा.

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली, हे आपण जाणतो. आपल्या घरातल्या गरोदर बाईला विसावा देणे, तिच्यासोबत दवाखान्यात रांगेत उभे राहणे आणि तिच्यावरचा खोटा दोष पुसणे, ही तीच सेवा आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.