कुंडीतील मांसल वनस्पतींची बाग

शाळेच्या बागेची खरी परीक्षा मे महिन्याच्या सुटीत होते. मुलांनी हौसेने लावलेली रोपे जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा वाळून गेलेली आढळतात व मुलांचा उत्साहही मावळतो. विश्रामबागेसारखी शहरी वस्ती आणि जत, आटपाडीकडील अवर्षणग्रस्त गावे यांच्या पाणीपुरवठ्यात पुष्कळ अंतर आहे. परंतु सुटीत पाणी घालणारे हात दोन्हीकडे नसतात. म्हणून पानांत अथवा खोडात पाणी साठविणाऱ्या मांसल वनस्पतींची बाग प्रत्येक शाळेने करून पाहावी.

साहित्य : फुटका माठ, जुने घमेले किंवा पसरट कुंडी चालेल, मात्र तळास भोके अवश्य हवीत. तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते व त्यामुळे मुळे कुजतात. यास्तव दोन भाग मातीत दोन भाग भरड वाळू व एक भाग मुरलेले खत मिसळावे.

मांडणी : मध्ये कोरफड, तिच्या बाजूस पानफुटी व कडेने चिनी गुलाब लावावा. कांडवेल काठावरून खाली सोडल्यास शोभा वाढते. छाट लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी. शेराचा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने ते झाड शाळेत लावू नये.

निरीक्षण : पानफुटीचे पान ओलसर मातीवर ठेवल्यास त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात; ती मुलांनी रोज पाहून वहीत नोंदवावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांना हीच पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी कडवट लागली. त्यांचे हे निरीक्षण 1815 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अशी झाडे आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यापासून अन्न तयार करतात. त्यामुळे उन्हात पाण्याची वाफ फार थोडी होते. पाने चाखण्याचा प्रयोग मात्र मुलांकडून करवू नये.

निगा : ही झाडे पाण्यावाचून क्वचित, अतिपाण्याने मात्र हमखास मरतात. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागल्यास पाणी घालू नये. ही तपासणी आळीपाळीने मुलांकडेच सोपवावी. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या धारेखाली ठेवू नयेत. सुटी लागताना एकदा भरपूर पाणी देऊन त्या ओसरीच्या सावलीत हलवाव्यात.

निगा म्हणजे रोज पाणी घालणे, अशी मुलांची समजूत असते. झाडाची गरज ओळखून हात आवरणे हीही निगाच होय, हे या बागेतून त्यांना शिकता येईल. आणि जूनमध्ये शाळेत पाऊल टाकताच आपण लावलेले झाड जिवंत पाहण्याचा आनंदही त्यांना लाभेल.