पोहता येत नाही, तरी स्कूबा?

प्रश्न : दिवाळीनंतर मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचंय. पण मला पोहता येत नाही. शिवाय खाली ऑक्सिजन संपला तर? जावं का?
– एक वाचक, मंडणगड

उत्तर : जरूर जा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, दाबून भरलेली साधी हवा असते. किती उरली ते मीटरवर दिसतं. पहिल्या बुडीला प्रशिक्षक सोबत असतो, पोहण्याची अट सहसा नसते. श्वास मात्र कधीही रोखू नका. १० मीटरवर दाब दुप्पट होतो; रोखलेली हवा वर येताना फुगून फुप्फुसाला इजा करते. कानाला दडे बसले तर लगेच खूण करा. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला, मालवण कुठे पळून जात नाही! दमा, हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. रीतसर शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणला जायला खेडहून रेल्वेनं कुडाळ गाठा.