गुरू शेजारून उतरतो तेव्हा (गीता १८.६३)

एवढं सगळं सांगून झाल्यावर आजच्या श्लोकात श्रीकृष्ण ठरवायचं काम अर्जुनावरच सोपवतात. मला यावरून वैमानिक शिकाऊंचं पहिलं सोलो उड्डाण आठवतं.

सेसना १५२ मध्ये सीट दोनच. एक दिवस प्रशिक्षक खाली उतरतो, दार लावतो आणि सांगतो, एक चक्कर मारून ये. टेकऑफ, धावपट्टीला वळसा, लँडिंग. काम काही मिनिटांचं. पण एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे विमान लवकर उचलतं, भराभर वर चढतं, उतरताना जास्त तरंगतं. म्हणजे हात शिकलेलेच, पण रोजचं विमान आज वेगळं वागतं! ती रिकामी सीट हाही एक धडाच आहे, आणि तो शेजारी बसून शिकवताच येत नाही.

श्रीकृष्ण मात्र रथातून उतरत नाहीत. उलट ६४ व्या श्लोकात प्रेमापोटी पुन्हा बोलायला लागतात (गुरूलाही राहवत नाही बहुतेक). लगाम त्यांच्या हातात, निर्णय अर्जुनाचा. मला तरी हे उतरण्यापेक्षा अवघड वाटतं.

उद्या आमच्या टीममधली नवी मुलगी पहिल्यांदाच एकटीने रिलीज करणार आहे. मी शेजारच्या खुर्चीत असेन. गप्प राहायला जमतंय का, बघू.