जमिनीची आणि भावाची राखण

उत्पत्ती २:१५ मध्ये बागेच्या राखणीसाठी आलेले 'शामार' हे इब्री क्रियापद भावाची जबाबदारी झटकणाऱ्या काइनाच्या प्रश्नातही (४:९) येते. हा योग मननीय आहे.

तण दबावे व ओल टिकावी म्हणून शेतात प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात. तो उन्हाने जीर्ण होऊन मातीत मिसळतो. प्लास्टिक लवचिक करणारी थॅलेट रसायने त्याला घट्ट जोडलेली नसतात. ती मातीत झिरपतात व मुळांवाटे पिकांत शिरू शकतात. पातळ कागद फाटतो, गोळा होत नाही. म्हणून चीनने २०१७ च्या मानकात किमान जाडी ०.०१ मिलिमीटर ठरविली.

तेव्हा जाड कागद वापरा, हंगाम सरताच तो उचला. पुरू वा जाळू नका. त्या मातीतले अन्न खाणारा आपला भाऊच आहे.