चिकनच्या कुर्त्याचा प्रवास

लखनौचा चिकनचा कुर्ता दुकानात येण्यापूर्वी अनेक हातांतून जातो. कापड बेतले जाते, लाकडी ठशांनी त्यावर कच्च्या निळीची नक्षी छापली जाते. मग ते आसपासच्या गावांतील स्त्रियांकडे भरतकामासाठी जाते आणि अखेरच्या धुलाईत नीळ निघून जाते. यात अपव्यय कोणता? प्रथमदर्शनी बोट रोखले जाते ते संथ भरतकामावर. परंतु टोयोटाचे ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, त्यांमागील कसोटी वेगळी आहे: ग्राहक दाम मोजतो तो कोणत्या कामासाठी? तांदळाच्या दाण्यासारखा मुर्रीचा टाका, हेच येथील मूल्य. अपव्यय आहे तो गठ्ठ्यांच्या फेऱ्यांत, पुढच्या हाताची वाट पाहत पडून राहण्यात, डाग राहिल्याने पुन्हा धुण्यात. (कर्जाच्या अर्जाचेही तेच, तपासणी घटकाभराची, टेबलावरचा मुक्काम दिवसांचा.) मध्यस्थांची साखळी लांबली की प्रत्येकाचा वाटा निघतो, आणि झळ बसते ती टाका घालणारीच्या मजुरीला. १९८४ मध्ये रुना बॅनर्जी यांनी लखनौत उभारलेल्या ‘सेवा’ संस्थेने या स्त्रियांना थेट काम देण्यास आरंभ केला. टाका तोच राहिला. मधली पायरी गळली.