पिल्लू ओकतंय? आधी बघा, मग ठरवा



मागच्या महिन्यात एका वस्तीवर गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. मी पिशवी उचलणार तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "मॅडम, बैठकीतलं नाही, पण विचारते. आमचं कुत्र्याचं पिल्लू खाल्लं की ओकतंय. भरभर पाणी पिलं तरी तेच. काय करावं?"

मी तोंड उघडायच्या आत चारी बाजूंनी उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं हळदीचं पाणी पाजा, कुणी म्हणालं नजर काढा. कुणी म्हणालं, "कुत्रं आहे, ओकणारच." आणि एक आजी म्हणाल्या, "घशात हाड अडकलं असंल, बोट घालून बघ." हे शेवटचं ऐकून मला धस्स झालं. का, ते पुढे सांगते.

मी सोशल वर्क शिकलेली आहे, जनावरांची डॉक्टर नाही. म्हणून हा पाठ लिहिण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोलले, वहीत लिहून घेतलं. तुम्ही म्हणाल, शेळीचं, कोंबडीचं सांगायचं सोडून कुत्र्याचं काय? पण गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या रात्री राखतं कोण? आणि त्या पिल्लाशी दिवसभर खेळतं कोण? आपलीच लेकरं ना? म्हणून हा विषय आपल्या घराचाच आहे.

पहिली गोष्ट: उलटी की अन्न परत येणं?

डॉक्टर म्हणाले, निम्मं उत्तर इथेच मिळतं. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण फरक आहे.

उलटी होते तेव्हा पिल्लू आधी अस्वस्थ होतं. लाळ गळते, ओठ चाटतं, पोट आत-बाहेर ओढतं, "ऑक ऑक" आवाज येतो, मग बाहेर पडतं. त्यात अर्धवट पचलेलं अन्न, फेस किंवा पिवळं पित्त असतं. म्हणजे ते पोटातून आलेलं असतं.

अन्न परत येतं तेव्हा यातलं काहीच होत नाही. पिल्लू मान खाली घालतं आणि भाकरीचे तुकडे जसे गिळले तसेच बाहेर येतात. पुष्कळदा ते लगेच पुन्हा खायलाही लागतं. हे अन्न पोटापर्यंत पोचलेलंच नसतं किंवा पोचल्या पोचल्या परत आलेलं असतं.

मी त्या ताईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तसंच्या तसं बाहेर येतं, आणि लगेच उड्या मारतंय." त्यांच्याकडे तीन पिल्लं, आणि तिन्ही एकाच ताटलीत जेवत होती. जे सगळ्यात लहान, ते भावंडांच्या भीतीनं न चावता गिळायचं. पाण्याचंही तसंच. उन्हात पळून आलं की घटाघटा पिऊन लगेच बाहेर. आम्ही तीन ताटल्या लांब लांब ठेवायला सांगितलं, भाकरी ताकात बारीक कुस्करून दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यायला सांगितलं, पाणीही एका वेळी थोडंच. चार दिवसांनी ताईंचा फोन आला, "थांबलं बघा."

पण सगळ्या वेळी इतकं सोपं नसतं. काही पिल्लं आईच्या दुधावर छान असतात, भाकरी-भात सुरू झाला की प्रत्येक वेळी परत टाकतात आणि भावंडांपेक्षा बारीक राहतात. अशा पिल्लाची अन्ननलिका जन्मतःच सैल असू शकते. किंवा हृदयाजवळची एखादी रक्तवाहिनी अन्ननलिकेला वेढून दाबत असते, त्यामुळे दूध उतरतं पण घट्ट अन्न अडकतं. हे घरी बरं होत नाही. परत येणारं अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते. म्हणून असं पिल्लू खोकू लागलं, धापा टाकू लागलं तर थांबू नका.

पोटातून उलटी होण्याची कारणं

जंत. पिल्लांत हे फार आढळतं. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात येतात, दुधातूनही येतात. पोट नगाऱ्यासारखं, बाकी अंग हाडकुळं, आणि कधी उलटीत शेवयांसारखे जंत. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करायचं असतं, दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. औषधाचा डोस वजनावर असतो, म्हणून शेळीचं उरलेलं औषध अंदाजानं पाजू नका. आणि हे लक्षात ठेवा: या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटातही जाऊ शकतात. पिल्लाची घाण रोज उचलून पुरायची, आणि मुलांनी जेवायच्या आधी साबणानं हात धुवायचे.

नको ते गिळणं. लहान पिल्लू म्हणजे रांगतं मूल, सगळं तोंडात घालतं. आंब्याची कोय, मक्याचं सोललेलं कणीस, चिंधी, तेलकट प्लास्टिकची पिशवी. शिजवलेली हाडं टोकदार तुटतात, तीही धोक्याची. आतड्यात काही अडकलं तर पिल्लू पुन्हा पुन्हा ओकतं, पाणीही ठरत नाही, शी होत नाही, पोटाला हात लावला की कण्हतं. याला दवाखान्याशिवाय इलाज नाही.

विष. उंदराचं औषध, फवारणीचं औषध, गोचीड मारायचं औषध. गाईचं गोचिडाचं औषध पिल्लाच्या अंगाला चोळलं आणि त्यानं ते चाटलं, असंही होतं. खूप लाळ, थरथर, झटके, लडखडणं ही लक्षणं. मिठाचं पाणी, तेल पाजून ओकवायला जाऊ नका. औषधाची पुडी किंवा बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. उंदराच्या काही औषधांतून पोटात विषारी वायू तयार होतो, तो उलटीतूनही निघतो. म्हणून पिल्लू मोकळ्या हवेत ठेवा, उलटीवर वाकून वास घेऊ नका.

आपलंच खाणं. तिखट-तेलकट कालवण, शिळं आंबलेलं अन्न, लग्नाच्या पंगतीचं उष्टं यानंही उलटी होते. कांदा, मनुका-द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात.

पार्वो: जिथे एक दिवसही महाग पडतो

आता माझ्या घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तीन महिन्यांचं पिल्लू होतं, वाघ्या. एका सकाळी ओकलं. दुपारी नुसता पांढरा फेस. भाकरीला तोंड लावेना. आम्ही म्हटलं, उन्हाचं झालं असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी रक्ताची जुलाब सुरू झाली, तिचा वास अजून नाकात आहे. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वाघ्या गेला. मी पदवी घेतलेली, पण मलाही वाटलं होतं की गावठी कुत्र्याला कसली लस लागते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ही लक्षणं पार्वोची. पार्वो हा विषाणूचा रोग. साधारण दीड ते सहा महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लांना जास्त होतो. पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, सारखं ओकतं, मग घाण वासाची, पुष्कळदा रक्ताची जुलाब. अंगातलं पाणी संपून जीव जातो. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं मरतात, पण वेळेत सलाईन आणि औषधं मिळाली तर बरीच वाचतात. हा रोग माणसाला होत नाही. मात्र विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. म्हणून त्या जागी लस न दिलेलं नवं पिल्लू आणू नका, आणि फरशी, ताटली ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. एका सुईवर थांबू नका. ही लस विकत आणावी लागू शकते. दोन-तीन घरची पिल्लं एकाच दिवशी नेली तर गाडीखर्च तरी वाटून जातो.

बोट का घालायचं नाही

आता त्या आजींचं बोलणं. पिल्लू लाळ गाळतंय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, उगाच चावायला येतंय किंवा अंधारात लपतंय, तर ते घशातलं हाड नसून रेबीज असू शकतो. बाहेरून अगदी घशात काही अडकल्यासारखंच दिसतं. त्या लाळेतून, हातावरच्या साध्या ओरखड्यातूनही रोग माणसात जातो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात नाही म्हणजे नाही. त्याला वेगळं ठेवा, मुलांना लांब करा, डॉक्टरांना कळवा.

चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. पिल्लू लहान होतं म्हणून सोडून देऊ नका. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी.

घरी काय करायचं, कधी निघायचं

पिल्लू एकदाच ओकलं, पण शेपूट हलवतंय, खेळतंय, शी नीट आहे, तर तासभर पोटाला विश्रांती द्या. मग ताटलीत दोन-तीन चमचे पाणी, थोड्या वेळानं पुन्हा तेवढंच. ते ठरलं तर मऊ भात, त्यात मीठ-मसाला-तेल नसलेलं उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेली कोंबडी, थोडं थोडं. लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नका, ते गळून जातं.

जबरदस्तीनं तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. माणसाच्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, त्या कुत्र्याला विषासारख्या ठरतात.

यातलं एकही दिसलं तर उद्यावर टाकू नका:

- पुन्हा पुन्हा ओकतंय, पाण्याचा घोटही ठरत नाही
- मलूल पडलंय, खायला बघत नाही
- उलटीत किंवा शीत रक्त आहे
- पोट फुगून टणक झालंय, किंवा ओकायला बघतंय पण काही येत नाही
- हिरड्या कोरड्या किंवा पांढुरक्या आहेत, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही
- विष खाल्ल्याचा संशय आहे

निघताना डॉक्टरांना सांगायला पाच गोष्टी मनात ठेवा: वय किती, कधीपासून ओकतंय, खाल्ल्यावर किती वेळानं, बाहेर काय आलं, लस आणि जंताचं औषध दिलंय का. मोबाईलमध्ये उलटीचा फोटो काढून नेला तरी चालेल, लाजू नका. वाहन नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून विचारा. गावातल्या पशुसखीलाही कळवा.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं

सचिव ताईंनी हा पाठ वाचून दाखवावा आणि मग तीन प्रश्न विचारावेत. आपल्या गटात किती घरी पिल्लं आहेत? त्यातल्या किती पिल्लांना लस दिली आहे? उंदराचं आणि फवारणीचं औषध आपण कुठे ठेवतो? उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी आले की आपण ती यादी घेऊन दवाखान्यात जाण्याचा एक दिवस ठरवू.

वाघ्याच्या वेळी आम्ही "उद्या बघू" म्हटलं होतं. तुम्ही तसं म्हणू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक